सिस्टर, दुखते का जी?



'सिस्टर' हा शब्द आपण दोघींसाठी वापरतो: धर्मभगिनीसाठी आणि रुग्णालयातल्या परिचारिकेसाठी. आज आपण दुसरीविषयी विचार करू या. तिला रोज एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. आजारी मुलाशी मायेपोटी खोटे बोलावे का?

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या मुलाला कॅन्सर झाला, तर उपचारासाठी बहुधा नागपूर गाठावे लागते. काहींना विदर्भ एक्सप्रेसने थेट मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागते. सालेकसा किंवा देवरीकडचे कुटुंब धानाची कामे टाकून निघते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. या काळात डॉक्टर राउंडपुरते भेटतात. सलाईन लावणारी, तोंड आले असता गुळण्या करून घेणारी, ओकारीचे भांडे धरणारी, रात्री दोन वाजता ताप पाहणारी असते ती सिस्टर. म्हणून मुलाचे प्रश्नही तिच्याच वाट्याला येतात.

पहिला प्रश्न साधा असतो. पाठीत सुई द्यायची असते आणि मूल विचारते, "दुखते का जी?" आई डोळ्यांनीच खुणावते, नाही म्हणा. "नाही रे बाळा, काही कळणार पण नाही," असे म्हटले की मूल शांत झोपते आणि काम होऊन जाते. मात्र ते एकदाच. दुसऱ्या खेपेला तेच मूल पांढरा गणवेश दिसताच किंचाळते. आता चौघांनी धरावे लागते. एका खोट्याने पाच मिनिटे वाचली आणि पुढची दोन वर्षे अवघड झाली.

अनुभवी सिस्टर म्हणते, "दुखेल. मी दहा मोजेपर्यंत. माझा हात घट्ट धर, रडलास तरी चालेल, फक्त हलू नको." मग ती खरोखर दहा मोजते. मुलाच्या वेदनेला तिने शेवट दिलेला असतो. मुलाला कळते की ही बाई सांगते तसेच होते.

या विश्वासावर पुढे पुष्कळ काही अवलंबून असते. केमोथेरपीतले एक औषध लाल रंगाचे असते आणि ते दिल्यावर लघवीही लाल होते. आधी सांगितले नसेल, तर मूल रक्त समजून घाबरते, आणि कधी घाबरून कोणाला सांगतच नाही. दुसरी गोष्ट तापाची. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. अशा वेळी आलेला ताप साधा नसतो. तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते, नाहीतर जीवावर बेतते. मूल त्या दिवसांत गावी घरी असेल आणि 'ताप सांगितला की पुन्हा सुया' या भीतीने गप्प राहिले, तर नागपूर किती लांब पडते हे आपल्याला सांगायला नको. ज्या मुलाशी मोठी माणसे खरे बोलतात, ते मूलही मोठ्यांशी खरे बोलते. इथे खरेपणा औषधाइतकाच कामाचा आहे.

पण कोणी म्हणेल, सुईचे ठीक आहे, मोठ्या दुःखाचे काय? हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनाही पडला होता. इ. स. 420 च्या सुमारास लिहिलेल्या खोटेपणाविरुद्धच्या ग्रंथात ते एक प्रसंग मांडतात. एक माणूस मरणाच्या दारी आहे. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे, हे त्याला ठाऊक नाही. तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरे सांगितले तर धक्क्यानेच तो जाईल. असा प्रसंग आपल्यालाही हलवून सोडतो, हे संत ऑगस्टीन कबूल करतात. तरीही खोटे बोलू नये, असेच ते ठरवतात. कारण एका खोट्याला वाट दिली की त्यामागून येणाऱ्या मोठ्या खोट्यांना अडवणे कठीण होते.

हे कठोर वाटते, आणि आम्हालाही वाटले. पण 1978 मध्ये मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या अमेरिकन अभ्यासक बाईंचे एक पुस्तक आले. रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या लहान मुलांमध्ये राहून त्यांनी ते लिहिले. त्या काळी मुलांना काही सांगत नसत. तरीही तीन ते नऊ वर्षांच्या त्या मुलांना आपण मरणार हे समजले होते. आईवडिलांचे चेहरे, बदललेली वागणूक, शेजारच्या मुलाचे न परतणे यांवरून त्यांनी ते ओळखले होते. आणि आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून ती ठाऊक नसल्यासारखी वागत होती. म्हणजे आपण मुलाला जपतो असे समजतो, तेव्हा मूलच आपल्याला जपत असते आणि आपले भय एकट्याने सोसत असते.

खोटे बोलू नये याचा अर्थ सगळे सांगून मोकळे व्हावे, असा मात्र नाही. कोणाला, केव्हा, किती सांगावे हे प्रेमाने तोलायचे असते, हीच ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. निदान सांगणे हे डॉक्टरांचे आणि आईवडिलांचे काम. "नका सांगू जी तिला," असे हात जोडून विनवणाऱ्या बापाला सिस्टरने झिडकारू नये. ती एवढे म्हणू शकते, "भाऊ, तुमच्याआधी मी काही सांगणार नाही. पण तिने विचारले तर खोटेही बोलणार नाही. आपण मिळून तिच्याशी बोलू." आणि मध्यरात्री मुलाने विचारलेच, "मी मरणार का?" तर "तुला असे का वाटले?" असे विचारून खाटेजवळ बसता येते. पुष्कळदा त्या प्रश्नामागे दुसराच प्रश्न असतो: मला एकटे सोडाल का? त्याचे खरे उत्तर सिस्टर लगेच देऊ शकते. गेथसेमनी बागेत प्रभूनेही शिष्यांजवळ आपले दुःख लपवले नाही. सोबत जागे राहा, एवढेच मागितले.

सगळे प्रश्न याने सुटत नाहीत. कधी सिस्टरजवळ शब्दच नसतात, आणि तो भार घेऊनच ती ड्युटी संपवून घरी जाते. निदान आपण तो वाढवू नये. अशा घरी भेटायला जाताना "काही होत नाही, आठ दिवसांत खेळायला लागशील" असे म्हणू नये. हा आजार पापाची शिक्षा आहे, असे तर चुकूनही सुचवू नये. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तसेच विचारले, तेव्हा प्रभूने स्पष्ट नाही म्हटले. मुलाला तीन खऱ्या गोष्टी सांगाव्यात: हा आजार तुझ्या चुकीने झालेला नाही, तो तुझ्यापासून कोणाला लागत नाही, आणि आज योग्य उपचाराने बरी होणारी मुले पुष्कळ आहेत.

ओळखीतली एखादी सिस्टर रात्रपाळी करून मिस्साला आलेली दिसली, तर तिच्याशी दोन शब्द बोला. रात्रभर ती कोणाच्या तरी प्रश्नांना उत्तरे देत आलेली असते.