शब्दांचे मोल

प्रत्येक भाषेत दोन जातींचे शब्द असतात. मीठ, दार, पाऊस, वाट हे शब्द आपण दिवसातून कितीही वेळा उच्चारले तरी झिजत नाहीत; आजोबांनी वापरले त्याच अर्थाने ते नातवाच्या हाती येतात. उलट शोक, त्याग, क्रांती, हुतात्मा, अमर हे शब्द एका पिढीच्या आतच इतके गुळगुळीत होतात की त्यांवरची अक्षरे शिल्लक राहतात आणि मुद्रा पुसून जाते. पहिल्या जातीचे शब्द अधिक वापरले जातात, आणि झिजतात मात्र दुसऱ्या जातीचे, हे कोडे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते.

त्याचे उत्तर आमच्या मते असे आहे. मिठाला कोणी साखर म्हटले, तर जीभ त्यास तत्काळ खोटे ठरविते. वस्तूच्या नावामागे वस्तू पहाऱ्यास उभी असते. परंतु एखाद्याने आपणास अतीव दुःख झाल्याचे सांगितले, तर ते खरे की खोटे हे पाहणारी जीभ कोणापाशीच नाही. तेथे शब्दाला तारण एकच, बोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा. 1923 साली जर्मनीत सरकारने कागदी मार्क इतके छापले की त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत. नोट हातोहात फिरली म्हणून तिचे मोल गेले नाही. तिच्यामागचे तारण गेले म्हणून मोल गेले. भावनेच्या शब्दांची गोष्ट याहून निराळी नाही.

नुसत्या आवृत्तीने शब्द मरत नाही, याचे प्रमाण आपल्या महाराष्ट्रात दरवर्षी आषाढात पाहावयास मिळते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणारा वारकरी विठ्ठलाचे एकच नाव किती वेळा घेत असेल, त्याची गणती नाही. तरी ते नाव त्याच्या मुखी शिळे होत नाही, कारण त्या नावामागे त्याचे पाय चालत असतात.

येथे शिष्टाचाराचे शब्द आम्ही वेगळे ठेवतो. आमच्या लहानपणी घरी येणाऱ्या पत्रांच्या आरंभी 'सा. न. वि. वि.' असे असावयाचे. साष्टांग नमस्कार म्हणजे आठही अंगे भूमीस टेकवून घातलेला नमस्कार. परंतु त्याचे 'सा. न.' झाल्यावर तो खुर्चीवर बसून, पाठीचा कणा किंचितही न वाकविता घालता येऊ लागला. त्यात कोणाची फसवणूक नव्हती. लिहिणारा व वाचणारा या दोघांसही त्या चार अक्षरांची खरी किंमत ठाऊक होती. फसवणूक होते ती शब्दाचे पूर्ण मोल मागून त्याचे ऋण न फेडणाऱ्याकडून.

'हुतात्मा' हाच शब्द घ्या. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभरांहून अधिक माणसे प्राणास मुकली. 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, आणि पुढे त्या जागेस हुतात्मा चौक हे नाव मिळाले. तेथे त्या शब्दाचे मोल पुरेपूर चुकते झालेले आहे. परंतु पदावरून दूर झालेल्या पुढाऱ्यासही त्याचे अनुयायी जेव्हा हुतात्मा म्हणू लागतात, तेव्हा पुढाऱ्याची उंची तर वाढत नाहीच. त्या चौकाची मात्र कमी होते. ज्यांनी प्राण दिले ते तक्रार करावयास येऊ शकत नाहीत, म्हणून ही चोरी निर्धोक असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनाच शब्दांची अशी काटकसर सुचते. पीडितांनी मोठा शब्द वापरल्यावाचून त्यांच्याकडे कोण पाहतो? आक्षेप रास्त आहे. परंतु मोठा शब्द आणि पोकळ शब्द एक नव्हेत. जोतीराव फुले यांनी 1873 साली आपल्या ग्रंथास 'गुलामगिरी' हे नाव दिले आणि तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. शब्द अजून ऊन होता. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीस तो लावणे अनेकांस अतिशयोक्ती वाटले असेल. परंतु जोतीरावांनी शब्द उसना घेतला तो तारणासह. तो का लागू पडतो हे त्यांनी ग्रंथभर मांडले, आणि त्यासाठी आयुष्य वेचले. अशा वापराने शब्द झिजत नाही, उलट त्यास नवी धार येते.

हे सारे आम्ही दुसऱ्यांस शिकवावे, असा आमचा अधिकार नाही. आमच्या महाविद्यालयात दुखवट्याचे ठराव लिहिण्याचे काम पुष्कळ वर्षे आमच्याकडे आहे. 'अपरिमित हानी', 'कधीही न भरून येणारी पोकळी', 'कर्तव्यनिष्ठ व्यक्तिमत्त्व' हे शब्द आमच्या लेखणीच्या टोकाशी सदैव तयार असत. ज्यांची ओळखही नव्हती अशा कित्येकांच्या निधनाने आम्ही पोकळ्या निर्माण केल्या. पुढे आमच्या ग्रंथालयातील एक वृद्ध सेवक वारले. तीस वर्षे त्यांनी आम्हांस पुस्तके काढून दिली होती. या खेपेस आम्हांस खरोखरच दुःख झाले होते. परंतु लिहावयास बसलो तेव्हा तेच शब्द आले, आणि तेच आम्ही लिहिले. ठरावाची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने ती सावकाश वाचली, घडी घातली, आणि कोणताही राग न दाखविता त्या म्हणाल्या, "सर, यात ह्यांचं नाव सोडलं तर ह्यांचं काय आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. मग काही वेळाने, सुचेल तसे, आम्ही त्यांना सांगितले की पावसाळ्यात ते खिडकीजवळच्या कपाटावर स्वतःचे घोंगडे टाकीत, आणि फाटलेले पान चिकटविल्यावर ते वाळेपर्यंत हाताने धरून बसत. हे ऐकताना त्या बाई प्रथमच रडल्या. आमच्या त्या चार ओळींत एकही मोठा शब्द नव्हता.

मोठ्या शब्दांवर बंदी घालावी, असे आम्ही म्हणत नाही. कारण मोठे प्रसंग आयुष्यात येतातच, आणि तेव्हा ते शब्द हाताशी असावे लागतात. म्हणूनच ते सांभाळावयाचे. एखादा जड शब्द ओठांवर येईल तेव्हा, त्यामागे मांडण्यासारखे आपल्यापाशी काय आहे, एवढे आपण स्वतःस विचारावे. काही असेल तर आधी तेच सांगावे. पुष्कळदा त्यानंतर त्या शब्दाची गरजच उरत नाही.

त्या ठरावाची दुसरी प्रत आम्ही पुन्हा लिहून दिली. तीत घोंगड्याचा उल्लेख आहे.