विठाई, आधी तुला सांगते

माउली, पिशवी भरून झाली, दाराशी ठेवली आहे. पहाटे सव्वापाचची एसटी. घरात निजानीज झाली. हेही झोपलेत, किंवा मला वाटावं म्हणून तसे पडलेत. समई शांत करायला आले होते, ती तशीच तुझ्यासमोर बसले.

एकवीस दिवस मी तुझ्याशीसुद्धा हे बोलले नाही. रोज हात जोडले, पोरांना सुखी ठेव म्हटलं, यंदा पाऊस वेळेवर पाड म्हटलं, आणि उठले. तुझ्यासमोर पदर सावरून उभी राहिले, जसं काही तुला पदराखालचं दिसत नाही. माझी ही चूक पोटात घाल.

अंघोळ करताना साबणाच्या हाताला ती लागली. उजवीकडे, काखेच्या अंगाला, चिंचोक्याएवढी. दाबून पाहिली. दुखत नव्हती, आणि त्याचाच मला आनंद झाला. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी आठ दिवस मनाला सांगत राहिले. शेवटी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तेही बीपीच्या गोळ्यांचं निमित्त करून. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "बाई, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण दुखत नाही म्हणून साधी, असं नसतं. बावन्नाव्या वर्षी हे आपलं आपण ठरवायचं नाही. पुण्याला स्तनांच्या क्लिनिकमध्ये दाखवून या." ही दोन्ही वाक्यं मला एकदम मनात धरता येऊ देत. नुसतं पहिलं धरलं की वाटतं, कशाला जायचं. नुसतं दुसरं धरलं की झोप उडते.

माउली, तुला मावशी आठवते ना? दर कार्तिकीला चालत यायची तुझ्याकडे. १९९८ साल होतं. तिनेही दुखत नाही म्हणून ठेवली होती, दीड वर्ष, पदराखाली. आईला कळलं ते चोळीला डाग दिसला तेव्हा. मग मुंबई, परळचं टाटा हॉस्पिटल. राहायला दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा. मी तेव्हा तिच्यासोबत अकरा दिवस होते. ज्या बाबांनी देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या छताखाली कुठकुठल्या जिल्ह्यांतल्या बाया एकमेकींच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या मी पाहिल्या. मावशीला तिथे पहिल्यांदा बोलतं झालेलं पाहिलं. शेजारच्या खाटेवरच्या, विदर्भातून आलेल्या बाईला ती सगळं सांगत होती, जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. पण तोवर उशीर झाला होता. ती गेली, आणि गावात आम्ही सांगितलं, पोटाचं दुखणं होतं. मीही तेच सांगितलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं तेच सांगत आलेय, माझ्या लेकीलासुद्धा.

उद्या तिथे फॉर्म भरायचा आहे. डॉक्टरीणबाईंनी काय काय विचारतील ते सांगून ठेवलंय, मी वहीच्या पानावर लिहून घेतलंय. पाळी कधी आली, कधी थांबली. पहिलं मूल कितव्या वर्षी. अंगावर किती पाजलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत, रक्त पातळ करायची असेल तर ती नक्की सांगायची, पण आपल्या मनाने बंद करायची नाही. तेरावं वर्ष, एक्कावन्नावं, चोविसावं, दोघांना दीड-दीड वर्ष. हे सगळं भराभर लिहिलं गेलं. आणि मग तो प्रश्न: घरात कुणाला झाला होता का? आईकडच्या, वडिलांकडच्या, दोन्ही बाजूंच्या. तिथे माझं पेन थांबलं आहे, माउली. ती जागा अजून कोरी आहे.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. त्याच १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या लोकांनी एक मोठा अभ्यास सुरू केला होता. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्यासाठी तयार केलेल्या बाया दर दोन वर्षांनी बायांची छाती नुसत्या हाताने तपासायच्या. मशीन नाही, काही नाही. तपासलेल्या आणि न तपासलेल्या मिळून दीड लाख बाया, वीस वर्षं. तपासलेल्यांमधल्या गाठी लवकर सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. मी हिशेब करत बसले. मावशी तेव्हा चोपन्न वर्षांची होती. तिच्या दाराशी अशी एखादी बाई आली असती तर? तुला दोष देत नाही. तू त्या बायांच्या हातात होतास, हे मला कळतंय. पण आमच्या दाराशी कुणी आली असती तरी मावशीने दार उघडलं असतं का, आणि आम्ही तिला उघडू दिलं असतं का, हे मी तुलाच विचारू शकते.

आम्हाला तर शब्दच नाही. माझी आजी सरळ "थान" म्हणायची. गाईचंही थान आणि बाईचंही थान. पोर रडलं की "थानाला लाव गं त्याला" असं ओसरीवरून ओरडायची, चार पुरुष बसलेले असले तरी. आईपर्यंत तो शब्द गावंढळ झाला. आणि मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, तर मी म्हणते "छाती". छातीत गाठ म्हटलं की समोरचा हृदयाचं समजतो, आणि समजला तर बरंच, असं आपल्यालाही वाटतं. तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. प्राणी, पक्षी, सस्तन प्राणी. "सस्तन" हा शब्द फळ्यावर शंभरदा लिहिला असेल, पण त्याची फोड कधी करून दाखवली नाही. सगळा महाराष्ट्र तुला, पुरुषाच्या रूपातल्या देवाला, आई म्हणतो, तुला पान्हा फुटतो म्हणतो, आणि ज्यातून पान्हा फुटतो त्याचं नाव घ्यायला आम्ही लाजतो. मला उद्यासाठी तो शब्द दे. जीभ अडखळू देऊ नकोस.

बाकी तयारी झाली आहे, तीही तुझ्या कानावर घालते. उद्या पावडर लावायची नाही, काखेत काही फवारायचं नाही, कारण मॅमोग्राफीच्या चित्रात पावडरीचे कण चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसू शकतात. साडीच नेसणार आहे, ब्लाउज तेवढा काढता येतो. दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबून धरतात, थोडा वेळ कळ येते, मग सुटते. ती कळ मला सोसू दे. लगेच सोनोग्राफीही करतील म्हणे. तीन वर्षांपूर्वी तालुक्याला शिबिरात काढलेली फिल्म कपाटात तळाशी सापडली, तीही घेतली. जुन्या चित्राशी नवं ताडून पाहतात.

आणि गळ्यातलं काढून ठेवावं लागेल. लग्नानंतर मंगळसूत्र मी वाढवलं असेल, ओवून घेतलं असेल, पण अंगावरून उतरवून दुसऱ्याच्या हातात दिलेलं नाही. सासूबाई असत्या तर मी हे त्यांना सांगितलंच नसतं. आज संध्याकाळी ह्यांना म्हटलं, उद्या तिथे हे तुमच्याकडे द्यावं लागेल. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपून पाहिला, बटण आहे का. एवढंच. मग म्हणाले, "बटण लावून घेतो." माउली, त्या माणसाला सांभाळ. त्यांना बोलता येत नाही. बाहेरच्या बाकावर ते खिशावर हात ठेवून बसतील, तेव्हा तू त्यांच्याशेजारी बस. जनीसोबत जात्याला हात लावलास, शेण्या वेचल्यास, तुला बाकावर बसायला काय कमीपणा?

अनोळखी हात लागेल, याची मला धास्ती आहे, हे कबूल करते. डॉक्टर बाई असेल की पुरुष, माहीत नाही. मग मला तुझे पाय आठवतात. दर्शनबारीतून येणारा प्रत्येक जण तुझ्या पायांवर हात ठेवतो, डोकं ठेवतो. कुणाचे हात चिखलाचे, कुणाचे तेलकट, कुणाचे थरथरते. तू पाय मागे घेत नाहीस. उद्या तिथे टेबलावर झोपले की उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगतील. तेव्हा मला तसं राहू दे. आणि तपासणाऱ्याच्या बोटांत तू रहा. त्याला चुकवू देऊ नकोस, घाई करू देऊ नकोस.

सुई घालून तुकडा काढावा लागला तर मला पळून येऊ देऊ नकोस. शेजारच्या काकू कालच सांगून गेल्या, लोखंड लागलं की ते पसरतं. त्यांचा जीव आहे माझ्यावर, म्हणून बोलल्या. पण सुईने ते पसरत नाही, डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. आधी तेवढी जागा बधिर करतात, आणि तो तुकडा पाहिल्याशिवाय गाठ कसली आहे हे नक्की कळत नाही. मावशीलाही असंच कुणी मायेने अडवलं असणार. त्या मायेपासून मला वाचव. जो कुणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माझा तुकडा पाहील, त्याचं मला नावही कळणार नाही. त्याची नजर स्वच्छ ठेव. त्या दिवशी त्याच्या घरी भांडण नको, पोरगं आजारी नको. रिपोर्ट यायला काही दिवस लागतील, ते दिवस मला घरात स्वयंपाक करता येईल एवढं बळ पुरे.

रांगेत माझ्या पुढे-मागे ज्या असतील त्यांनाही बघ. एखादी पंचवीस वर्षांची असेल, कडेवर लेकरू घेऊन. एखादी एकटीच आली असेल, घरी बाजाराला जाते सांगून.

आणि माझी लेक. तिला मी मघाशी फोन केला. गाठीचं सांगितलं, ती रडली, मग रागावली, एकवीस दिवस का थांबलीस म्हणून. मावशीचं मात्र ओठावर येऊन राहिलं. उद्या गाडीत बसले की तिला पुन्हा फोन करीन. ते तिच्याही फॉर्मवर लिहावं लागणार आहे.

गाठ साधी निघू दे, हे मागायलाच बसले होते. मागते. मन भरून मागते, माउली, मला अजून जगायचं आहे. पण त्याच्याआधी हे आजच होऊ दे. तिथे परक्यांसमोर बोलायच्या आधी तुझ्यासमोर एकदा मोठ्याने बोलते, हे जागे असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

माझ्या उजव्या स्तनात, काखेच्या बाजूला, गाठ आहे. एकवीस दिवस झाले. माझ्या सख्ख्या मावशीला स्तनाचा कॅन्सर होता. ती त्यानेच गेली.

आता वहीचं पान काढते, आणि ती कोरी जागा भरते.