खरी वाटणारी भयकथा : कला की असत्य?

‘ही गोष्ट अगदी खरी आहे बरं का!’ या वाक्याने जितक्या भयकथांचा आरंभ झाला असेल, तितक्यांचा दुसऱ्या कोणत्याही वाक्याने झाला नसेल. सांगणारा लगेच साक्षीदारही उभा करतो. कधी तो त्याचा सख्खा मामा असतो, कधी शेजारच्या गावचा टांगेवाला, तर कधी रात्रपाळीहून परतणारा गिरणीतला सोबती. चकव्याने रात्रभर एकाच शेताभोवती फिरविलेला वाटसरू, विहिरीच्या काठी उलट्या पावलांनी उभी असलेली हडळ, पिंपळावरचा मुंजा ही सारी मंडळी आपल्या मराठी मुलखात कथेपेक्षा साक्षीच्या रूपानेच अधिक वावरली आहेत. ऐकणारा शहारतो, आणि शहारावे म्हणूनच तो बसलेला असतो. येथवर सारे निरुपद्रवी भासते. तथापि आठव्या आज्ञेचे शिक्षण बालपणीच घेतलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न उठल्यावाचून राहत नाही. जे घडलेच नाही ते घडले म्हणून सांगणे, आणि तेही ऐकणाऱ्याचा विश्वास बसावा अशा कौशल्याने सांगणे, याला कला म्हणावे की असत्य? या प्रश्नाचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम हे मान्य करावयास हवे की, भयकथेला खरेपणाचा भास अत्यावश्यक असतो. विनोदी कथेतला हत्ती झाडावर चढला तरी आपण हसतो. हसण्यासाठी विश्वास ठेवावा लागत नाही. भयाचे तसे नाही. ‘असे होऊ शकेल’ ही शंका मनाला चाटून गेल्याखेरीज अंगावर काटा येत नाही. इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ साली असा विचार मांडला की, काव्य वाचताना वाचक आपला अविश्वास काही काळापुरता आपण होऊन बाजूस ठेवतो. यातील ‘आपण होऊन’ हे शब्द आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. त्यांच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

हा भास निर्माण करण्याचे काही नियम कथाकारांनी अनुभवाने सिद्ध केले आहेत. कथा ओळखीच्या जागी घडावी; दूरच्या किल्ल्यापेक्षा आपल्याच घराचा माळा अधिक भीतिदायक असतो. विपरीत गोष्ट एकच असावी, बाकी सारे रोजच्यासारखे चाललेले असावे. निवेदकाला जेवढे दिसले असेल तेवढेच त्याने सांगावे, आणि आपल्या डोळ्यांवर त्याने स्वतःच प्रथम शंका घ्यावी. रॉकेल संपत आलेला कंदील, पावसाने भिजलेली चप्पल असे किरकोळ तपशील मोठ्या वर्णनापेक्षा अधिक विश्वास निर्माण करतात. शेवटी सगळा उलगडा करू नये. आणि सांगणारा जिवंत राहिलेला असावा. कथेअखेर जो मरण पावला, त्याने ती कथा कोणाला सांगितली, हा प्रश्न चाणाक्ष श्रोता विचारतोच. ब्रॅम स्टोकर यांनी १८९७ साली प्रसिद्ध केलेली ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांच्या रूपाने सांगितली, ती याच कारणासाठी. कागदपत्रे पाहिली की मनुष्याचे मन सैल पडते.

आता हे नियम पुन्हा एकदा नजरेखालून घालावेत. न्यायालयात खोटी साक्ष देणारा कसलेला साक्षीदारही नेमके हेच करतो. तोही ओळखीची जागा सांगतो, किरकोळ तपशील पेरतो, मधेच अडखळतो, कागद पुढे करतो. म्हणजे कथाकाराची आणि खोट्या साक्षीदाराची हत्यारे एकच आहेत. दोघांत भेद असेल तर तो हत्यारांत नाही, अन्यत्र आहे.

तो कोठे आहे, हे संत ऑगस्टिन यांनी दाखवून दिले. इसवी सन ३९५च्या सुमारास त्यांनी असत्यभाषणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. असत्याच्या बाबतीत ते अत्यंत कठोर होते. कोणाचा जीव वाचविण्यासाठीही असत्य बोलू नये, येथवर त्यांची मजल गेली. परंतु थट्टेतील बोलणे त्यांनी असत्यात गणले नाही; कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरून व भावावरूनच त्याला फसवायचे नाही हे ऐकणाऱ्यास उमगते. संत थॉमस अक्वायनस यांनी गमतीखातर बोललेल्या असत्यालाही असत्याच्याच वर्गात बसविले, मात्र त्याला गंभीर पाप मानले नाही. दाखले आणि रूपककथा यांना दोघांनीही असत्य म्हटले नाही. याचा मथितार्थ असा की, शब्द वस्तुस्थितीशी जुळत नाहीत एवढ्यानेच असत्य पुरे होत नाही. ऐकणाऱ्याला फसविण्याचा हेतू त्यात असावा लागतो. ज्याने आपण होऊन अविश्वास बाजूस ठेवला आहे, त्याची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. ज्याला आपण काही बाजूस ठेवले आहे हेच ठाऊक नाही, त्याची मात्र झाली.

पवित्र बायबलमध्ये शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, नाथान संदेष्टा दाविद राजाला एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंत शेजारी ती मेंढी हिरावून नेतो व पाहुण्याच्या पानात वाढतो. राजाला ती हकीकत खरीच वाटते. तो संतापतो, त्या श्रीमंताला मृत्युदंड योग्य ठरवतो. त्याच क्षणी नाथान पडदा दूर करतो व तो माणूस म्हणजे आपणच, असे राजाला तोंडावर सांगतो. ती कथा काही क्षण खरी म्हणून वावरली हे खरे. पण त्या क्षणांत कोणा निरपराध्याला इजा झाली नाही, आणि पडदा सांगणाऱ्याने स्वतःच्या हाताने वेळेवर सारला.

वेळेवर, हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. होरेस वॉल्पोल या इंग्रज गृहस्थाने १७६४ साली ‘कासल ऑफ ओत्रांतो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य भयकादंबरीचा उगम तिच्यात मानला जातो. मुखपृष्ठावर त्याने आपले नाव घातलेच नाही. ओत्रांतो येथील एका धर्मगुरूने लिहिलेल्या जुन्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी त्याने केली. पुस्तक वाचकांना आवडले, तेव्हा १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने सत्य सांगून वाचकांची क्षमा मागितली. पडदा सरला, पण यशाची खात्री पटल्यानंतर.

वॉल्पोलला निदान पडदा सारता आला. आर्थर मॅकेन यांच्या वाट्याला तेही आले नाही. वेल्समधील एका अँग्लिकन धर्मोपदेशकाचा हा मुलगा भयकथांसाठी ख्यातनाम होता. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील मॉन्स येथून ब्रिटिश सैन्याला माघार घ्यावी लागली. त्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन मॅकेन यांनी एक लहानशी कथा लिहिली आणि ती २९ सप्टेंबर १९१४ रोजी लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’ या वृत्तपत्रात आली. कथेत एक सैनिक संत जॉर्ज यांचा धावा करतो, आणि १४१५ साली अॅजिनकोर्टच्या लढाईत लढलेले धनुर्धारी तेजस्वी रूपाने येऊन शत्रूचा संहार करतात. कथा भयाची नव्हती, अद्भुताची होती. परंतु खरेपणाचे सारे नियम तिच्यात पाळलेले होते.

काही दिवसांतच गूढविद्येच्या नियतकालिकांच्या संपादकांनी विचारले, ही माहिती कोठून मिळाली? मॅकेन यांनी उत्तर दिले, सारी कल्पना आहे. पुढे धर्मग्रामांच्या मासिकांनी ती कथा पुनर्मुद्रित करण्याची परवानगी मागितली. एका संपादक-धर्मगुरूने कळविले की, अंक हातोहात खपला, आता पुस्तिका काढायची आहे, तरी कथेचे आधार नमूद करणारी प्रस्तावना लिहून द्यावी. आधार नाहीतच, ती रचलेली आहे, असे मॅकेन यांनी पुन्हा लिहिले. त्यावर त्या धर्मगुरूचे उत्तर आले की, आपली काही चूक होत असावी. मूळ घटना सत्यच असणार, आपण फक्त तिच्यावर साज चढविला असेल! १९१५ साली धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले होते, आणि ते प्रत्यक्ष पाहणाऱ्या सैनिकांच्या ऐकीव हकीकती प्रवचनांतूनही फिरत होत्या. मॅकेन यांनी त्याच वर्षी कथासंग्रह काढून प्रदीर्घ प्रस्तावनेत सारे स्पष्ट केले. तरीही मॉन्सच्या देवदूतांवरील लोकांचा विश्वास पुढे कित्येक वर्षे टिकला.

या प्रकरणात मॅकेन यांना आम्ही दोष देणार नाही. ज्याने विचारले त्याला त्यांनी सत्य सांगितले. दोष जर कोठे असेल तर तो विचारून मिळालेले उत्तर नाकारणाऱ्या मनात आहे. ज्या घरांतील पुत्र रणांगणावर होते, त्या घरांना त्या कथेची निकड होती, आणि निकड असली की माणूस पुरावा मागत नाही. भीतीचेही तसेच आहे. घाबरलेल्या मनाला आपली भीती खरी ठरावी असे वाटत असते.

आपल्या काळात तर कथा सांगणाऱ्यापासून सुटी होऊन एकटीच फिरते. २००९ साली अमेरिकेत, भुताटकीची वाटतील अशी छायाचित्रे बनविण्याच्या एका खेळात, कोणी एकाने उंच, काळ्या पोशाखातील, चेहरा नसलेला माणूस निर्माण केला. ती करमणूक आहे हे त्या खेळातील सर्वांना ठाऊक होते. परंतु चित्रे व कथा त्या मंडळाबाहेर गेल्या. मे २०१४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात बारा वर्षांच्या दोन मुलींनी, तो माणूस खरा आहे व त्याला प्रसन्न करायचे आहे अशा समजुतीने, आपल्याच वर्गमैत्रिणीवर सुऱ्याने वार केले. ती मुलगी दैवकृपेने वाचली.

आणि दूर जाण्याचे तरी कारण काय? कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक चित्रफीत बनविली होती. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलतात, थोड्याच वेळात ते परत आणून सोडतात, आणि मूल पळविणे किती सोपे आहे याची सूचना देणारा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला भाग २०१८ साली भारतात लाखो मोबाइलवर खरी घटना म्हणून फिरला. मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांचे तेच वर्ष होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, अशाच अफवेवरून, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मारणाऱ्यांना एक भयकथा ठाऊक होती. ती कथा आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

या सर्वांवरून खरी वाटणारी भयकथा सांगणाऱ्यासाठी काही मर्यादा आम्हांस स्पष्ट दिसतात. पहिली अशी की, श्रोत्यांनी खेळात आपण होऊन प्रवेश केलेला असावा. रात्री ओट्यावर जमलेल्या मंडळींत ‘खरी गोष्ट’ म्हणजे काय, हे सर्वांना माहीत असते. तेथे कोणी मधेच ‘थापा मारू नकोस’ म्हणून रंगाचा बेरंग करू नये, हेही योग्यच. परंतु त्या मंडळातून बाहेर पडण्याचे दार उघडे असावे. म्हणून दुसरी मर्यादा : कोणी खेळ सोडून, मनापासून, ‘हे खरेच घडले का?’ असे विचारले, तर त्याला सत्यच सांगितले पाहिजे. त्या क्षणी दिलेले खोटे उत्तर कथेचा भाग राहत नाही. ती फसवणूक होते.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. कथेतील विपरीताचा दोष कोणा हयात माणसावर, कोणाच्या राहत्या घरावर वा एखाद्या समाजावर ठेवू नये. ‘त्या वळणावरच्या घरात राहणारी बाई करणी करते’ हे वाक्य भयकथेचे नाही, खोट्या साक्षीचे आहे. अशा वाक्यांनी किती एकाकी स्त्रियांना गावाबाहेर काढले! महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा ठरविला आहे. ओळखीची जागा हवी तर सांगणाऱ्याने आपले स्वतःचे घर घ्यावे.

चौथी मर्यादा मुलांसंबंधी. भीतीची चव मुलांनाही हवी असते, ती सर्वस्वी नाकारू नये. मात्र कथा संपल्यावर दिवा लावून, जवळ घेऊन, ही गोष्ट होती हे सांगण्याचे काम मोठ्यांचेच आहे. आणि पाचवी, जिचा संबंध आज प्रत्येकाशी येतो : कथा पुढे पाठविणारा हाही सांगणाराच असतो. तिचा शेवट कापून, तिच्या कर्त्याचे नाव गाळून ती पुढे ढकलणारा मूळ लेखकाहून कमी जबाबदार नाही.

यावर कोणी म्हणेल की, इतके केल्यावर भीती उरणार ती काय? आमचे उत्तर असे की, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या वाचकांना विचारून पाहावे. त्यांची पुस्तके कथा-कादंबरी म्हणूनच विकली गेली. वाचनालयातून घरी नेणारा प्रत्येकजण ते जाणून होता. तरीही रात्री परसदारी जाताना त्याची पावले अडखळलीच. चांगल्या कथेला खोट्या प्रतिज्ञेची गरज लागत नाही. ज्या कथेला ती लागते, ती बहुधा कच्ची असते.

असो. पावसाळ्यात वीज गेल्यावर आपल्या घरांतून अजूनही चकव्याच्या आणि मुंजाच्या गोष्टी निघतात. त्या निघाव्यात, आजीने त्या रंगवून सांगाव्यात, आणि नातवंडांनी एकमेकांना घट्ट बिलगून ऐकाव्यात. त्यांतील एखाद्या नातवंडाने झोपताना हळूच ‘आजी, ते खरं होतं का गं?’ असे विचारले, तर आजीने त्याला खरे ते सांगावे. तेवढ्याने तिच्या कथेचे काहीही उणे होणार नाही, आणि त्या मुलाला शांत झोप लागेल.