लेखणी कोणाच्या हाती?

राजूरला मी विज्ञान शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. एका पावसाळ्यात आठवीच्या मुलांचे पाच-पाचांचे गट केले आणि प्रत्येक गटापुढे ताटलीत एकेक मासा ठेवला. कल्ले उचलून पाहायचे, आकृती काढायची, निरीक्षण लिहायचे. गुण साऱ्या गटाला मिळून. मासे मुलांनीच ओढ्यातून धरून आणले होते. प्रवरेच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर पोरांना त्याचे काय अप्रूप?

एका गटातला मुलगा मात्र हात मागे बांधून उभा राहिला. गळ्यात तुळशीची माळ. "सर, मी शिवणार नाही," एवढेच म्हणाला. मी म्हटले, "बरं, तू नुसता लिही. बाकीचे बघतील." श्रद्धेचा मान राखल्याच्या समाधानात मी पुढच्या गटाकडे वळलो.

तास संपताना त्याच गटातली एक मुलगी आली. बोटांना खवले चिकटलेले. "सर, मग आमचे हात वंगाळ का?"

मी निरुत्तर झालो. त्या मुलाने तसे म्हटले नव्हते. त्याचा नेम त्याच्यापुरता होता. पण 'शिवणार नाही' हा शब्द आपल्याकडे निरागस राहिलेला नाही. माणसांनी तळ्याचे पाणी घ्यावे म्हणून महाडला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्या मुलखातला तो शब्द आहे. आणि त्यावर कळस चढवला तो मी. चिखलातले काम चौघांना दिले आणि लेखणी एकट्याला! सवलत मागितली होती न शिवण्याची; मी देऊन बसलो वरची जागा.

कायदा इथे थोडाच उपयोगी पडतो. संमतीवाचून कोणाला उपासनेत सामील करू नये, असे घटनेचे अठ्ठाविसावे कलम सरकारी मदतीच्या शाळांना सांगते. केरळातल्या तीन मुलांनी राष्ट्रगीत म्हटले नाही, नुसती आदराने उभी राहिली, म्हणून शाळेने त्यांना काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. योग्यच झाले. पण तिथे ती मुले गप्प राहिल्याने दुसऱ्या कोणाचे काम वाढत नव्हते. गटात एकाने हात मागे घेतला की दुसऱ्याचा पुढे करावा लागतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा आठवली आणि मी ओशाळलो. आदल्या वर्षी वाघबारशीला, म्हणजे वसुबारसेच्याच दिवशी, निम्मी पोरे वाघोबाच्या पूजेला रानात गेली होती. हजेरीपटावर मी सरळ 'गैरहजर' लिहिले होते. माळ मला श्रद्धा दिसली. वाघोबा दिसला तो दांडीचा बहाणा. मागायचे कसे हे ज्याला ठाऊक, त्यालाच आपण मान देतो की काय, कोण जाणे.

पुढच्या प्रात्यक्षिकाला कामे मी वाटली नाहीत, गटावर सोपवली. त्या मुलीने लिहिण्याची पाळी लावून घेतली. माळकरी पोराने लांबून पाहून आकृती काढली, विहिरीवरून पाणी आणले आणि वर, "टेबल मी पुसतो," म्हणाला. फडके घेऊन तो ओल्या डागापाशी थबकला, तसा मी खिडकीकडे वळलो. बाहेर पाऊस कोसळत होता. पुन्हा पाहिले तेव्हा टेबल स्वच्छ होते. कोणी पुसले, हे मी विचारले नाही.