फळांचा प्याला आणि शेजाऱ्याचे मन

डिसेंबर महिना लागला की शहरांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मोठी माणसे तो मनातल्या मनात मिटवून टाकतात. मुले मात्र तो उघड विचारतात. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात तो आमच्या घरी असाच उघड विचारला गेला.

आम्ही वसईला राहतो. आमच्या समोरच्या दारात एक ख्रिस्ती कुटुंब आहे आणि हा शेजार अठरा वर्षांचा आहे. ईदला आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो, नाताळात त्यांच्याकडून कुलकुल आणि केक येतो. माझी पत्नी आजारी होती, तेव्हा त्या घरच्या आँटींनी पंधरा दिवस मुलांचे डबे केले. मटण आमच्या खाटकाकडूनच आणायचे, ही काळजी त्यांनी कोणी न सांगता घेतली. त्या वर्षी त्यांनी आम्हा सर्वांना संध्याकाळी बोलावले. मेजावर काचेचे मोठे भांडे होते. त्यात लालसर पेय आणि वर तरंगणाऱ्या संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी, डाळिंबाचे दाणे. आँटी डाव घेऊन हसत म्हणाल्या, "पंच आहे, सगळी फळेच आहेत. वाईन आपली नावाला." माझा बारा वर्षांचा मुलगा माझ्या कानाशी लागला, "अब्बा, नुसती फळे काढून खाल्ली तर?"

मी "आम्हाला नको" एवढेच म्हणालो. पण अशा स्वरात, की आँटींचा हात डावासह तसाच राहिला. दहा मिनिटांत आम्ही घरी परतलो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. त्या थांबलेल्या हाताचे उत्तर मात्र कित्येक दिवस सापडले नाही.

आधी मुलाचा प्रश्न घेऊ. "नावाला" म्हणजे किती, हे मोजता येते. वाईनमध्ये साधारण 12 टक्के अल्कोहोल असते. 750 मिलिलिटरची एक बाटली दीड लिटर फळांच्या रसात मिसळली, तर सव्वादोन लिटर पेयात 90 मिलिलिटर अल्कोहोल उतरते, म्हणजे शेकडा 4. बिअरमध्ये ते साधारण 5 टक्के असते. रसाची गोडी आणि मसाल्याचा वास यांमुळे जीभ फसते एवढेच. फळे तर त्या पेयात तासन्‌तास मुरलेली असतात. फोड वेगळी काढली म्हणून तिच्यात शिरलेली वाईन वेगळी निघत नाही. युरोपातील थंड देशांत हेच पेय लवंग-दालचिनी घालून गरम देतात आणि उकळल्यावर सारे उडून जाते, असा समज आपल्याकडेही आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार, मद्य घातलेला पदार्थ पाव तास मंद आचेवर ठेवला तरी सुमारे 40 टक्के अल्कोहोल शिल्लक राहते, तासाभराने 25 टक्के आणि अडीच तासांनीही 5 टक्के.

आणि समजा, ते याहूनही कमी असते तर? ज्या वस्तूचे अधिक प्रमाण नशा आणते तिचे अल्प प्रमाणही निषिद्ध आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मार्गदर्शन अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आलेले आहे. कोकणातले आपले बहुसंख्य बांधव शाफई, देशावरचे हनफी; पण द्राक्षाच्या दारूच्या एका थेंबाबाबतही या दोन मतपंथांत मतभेद नाही. मुलाला मी हेच सांगितले आणि त्याला ते पटलेही.

परंतु मुलाने आणखी एक गोष्ट विचारली होती, शब्दांत नव्हे तर डोळ्यांनी: इतके सुंदर दिसणारे, फळांचे, आनंदाचे पेय आपल्या वाट्याला नाहीच का? येथे आपण पालक चूक करतो. निषेध सांगतो आणि थांबतो, जणू दीन म्हणजे बंद दारांची एक रांग. प्रत्यक्षात मदीनेतील त्या पवित्र घरातही फळांचे पेय होत असे. त्याला नबीज म्हणत. ह. आयेशा (रजि.) सांगतात की, पखालीत सकाळी खजूर वा मनुका भिजवल्या जात आणि प्रेषित (स.) ते गोड पाणी संध्याकाळी घेत, संध्याकाळी भिजवलेले सकाळी घेत. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनात ही मुदत तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत जाते, त्यानंतर उरलेले ओतून दिले जाई. अरबस्तानच्या उन्हात गोड पाणी केव्हा फसफसू लागेल याचा नेम नसतो. म्हणून पेय सोडले नाही, घड्याळ सांभाळले!

ही सावधगिरी किती बारीक होती पाहा. खजूर आणि मनुका एकत्र भिजवण्यास, तसेच कच्चा व पिकलेला खजूर एकत्र भिजवण्यास मनाई करण्यात आली. विद्वानांनी याचे कारण असे दिले आहे की, मिश्रणात आंबण्याची क्रिया लवकर होते आणि चव बदलण्यापूर्वीच नशा उतरते. पिणाऱ्याला कळतही नाही. मिश्र फळांचे पेय माणसाला कसे फसवते, हे चौदाशे वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. सुरुवातीस तर भोपळ्याची व डांबर लावलेली भांडीही वर्ज्य होती, कारण त्यांत आंबणे लवकर आणि नकळत होई. पुढे लोकांची सवय पक्की झाल्यावर ती बंदी उठवली गेली आणि कोणत्याही भांड्यातून प्या, मात्र नशा आणणारे काही पिऊ नका, असे सांगण्यात आले. बंदी भांड्याशी नव्हतीच, फळाशीही नव्हती. सूरह अन्‌-नहलच्या 67 व्या आयतीत खजूर आणि द्राक्ष यांपासून माणूस नशाही बनवतो आणि उत्तम आहारही, असे दोन्ही वेगवेगळे उल्लेखून बुद्धी वापरणाऱ्यांसाठी त्यात संकेत असल्याचे म्हटले आहे. एकाच वेलीवरून दोन वाटा निघतात.

(जाता जाता एक गंमत. 'पंच' हा इंग्रजी शब्द आपल्या 'पाच'वरून गेला, असे अनेक कोशकारांचे मत आहे: मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. ह. उमर (रजि.) यांनी मिंबरवरून दारूचे पाच उगम सांगितले होते: द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव. आणि लगेच, बुद्धीवर जे पडदा टाकते ते सारे दारूच, असे म्हणून पाचाची चौकट त्यांनी स्वतःच मोडली.)

आता त्या थांबलेल्या हाताकडे येतो. दारूबंदी टप्प्याटप्प्याने आली, हे आपण सर्व जाणतो: आधी तिच्या लाभापेक्षा तिचे पाप मोठे असल्याची जाणीव, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई आणि शेवटी सूरह अल्‌-माइदाचा संपूर्ण निषेध. ह. अनस (रजि.) त्या वेळी ह. अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना फदीख, म्हणजे ठेचलेल्या कच्च्या खजुराची दारू, वाढत होते. दवंडी ऐकू आली आणि सारी दारू मदीनेच्या गल्ल्यांतून वाहिली. याच अबू तल्हांनी आपल्याकडच्या अनाथांना वारसाहक्काने मिळालेल्या दारूविषयी विचारले. तिचा सिरका करू का? नाही, ओतून द्या, असे उत्तर आले. अनाथांच्या संपत्तीचीही सवलत मिळाली नाही. हे प्रसंग आपण आपल्या प्रवचनांतून वारंवार ऐकतो, आणि ऐकावेतच. परंतु त्याच सूरहच्या 91 व्या आयतीत निषेधाचे जे कारण दिले आहे त्यावर आपण क्वचितच रेंगाळतो. सैतान दारू आणि जुगार यांच्याद्वारे तुमच्यामध्ये शत्रुत्व व द्वेष निर्माण करू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो, असा त्या आयतीचा आशय आहे. पहिले कारण वैर हे आहे. यकृताचा उल्लेखही नाही.

ती आयत वाचताना मला माझा स्वर आठवला. मी दारू नाकारली, पण ज्या वैराच्या भीतीने ती निषिद्ध झाली त्याचे बी मी नकाराबरोबरच पेरून आलो. प्याला न पिता प्याल्याचे काम केले! आणि कोणाच्या घरी? ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडे बकरे कापले, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला की नाही, हे त्यांनी घरच्यांना पुनःपुन्हा विचारले, कारण जिब्रील (अ.) यांनी शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद केली होती की, त्याला वारसाहक्क मिळेल की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले होते. आँटींच्या धर्मात वाईन निषिद्ध नाही. त्यांच्या उपासनेतही तिला स्थान आहे. निषेध आपल्यावर आहे. हनफी फिकहमध्ये तर, इस्लामी राज्यातील बिगर-मुस्लीम नागरिकाची दारू मुसलमानाने ओतून दिली, तर त्याने तिची किंमत भरून द्यावी असे म्हटले आहे. शाफईंना हे मत मान्य नाही, पण हा प्रश्न आपल्या फकीहांनी किती गांभीर्याने घेतला होता, ते यावरून दिसते. दुसऱ्याच्या भांड्याकडे तुच्छतेने पाहण्याचा हक्क आपल्याला नकाराबरोबर मिळत नाही.

यावर काही वाचक म्हणतील, मग मन राखण्यासाठी प्याला हातात धरून उभे राहावे काय? नाही. काही तरुण कचेरीच्या समारंभात वाईनच्या पेल्यात संत्र्याचा रस घेऊन मिरवतात. मला ही युक्ती दुबळी वाटते. तो रस हलालच असतो, पण आपण कोण आहोत ते लपवावे लागल्याची सल उरते, आणि पाहणाऱ्या धाकट्याला वेगळाच धडा मिळतो. शिवाय ज्या दस्तरख्वानावर दारू फिरत असेल तेथे श्रद्धावंताने बसू नये, ही हदीस स्पष्ट आहे. दारूशी निगडित ज्या दहा जणांना धिक्कारले गेले, त्यांत वाढणाराही आहे. हॉटेलच्या नोकरीत शिरणाऱ्या आपल्या मुलांनी हे आधीच विचारात घ्यावे. तो विषय मोठा आहे, कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

म्हणून मर्यादा ढळू द्यायची नाही आणि नातेही तोडायचे नाही. हे दोन्ही साधायचे असेल तर बोलावे लागते, आणि वेळेवर बोलावे लागते. माझी खरी चूक आधीची होती. अठरा वर्षांत मी आँटींना कधी सांगितलेच नव्हते की, आम्ही दारू पीत नाही एवढेच नव्हे, ती ज्या मेजावर असते तेथे आम्ही बसत नाही, आणि का बसत नाही. खाटकाचे त्यांना ठाऊक होते, कारण ते त्यांनी स्वतः पाहून ओळखले होते. हे त्यांनी कोठून ओळखावे? आपण गृहीत धरतो की सारे जग आपला दीन जाणते आणि न जाणल्याबद्दल त्याच्यावर रुसतो.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि पत्नी त्यांच्याकडे गेलो. आधी माझ्या स्वराबद्दल क्षमा मागितली, मग कारण सांगितले. आँटी थोडा वेळ गप्प राहिल्या. "एवढेच होते तर त्याच दिवशी सांगायचे होते ना," त्या म्हणाल्या. "मला वाटले, आमच्या घरचे खाणेच तुम्हाला नकोसे झाले." वर्षभर त्यांनी हे मनात ठेवले होते. त्यानंतर असे ठरले की, त्यांच्या मेजवानीच्या संध्याकाळी आम्ही जायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे, आणि पेय आमच्या घरून न्यायचे.

ते पेय कसे केले तेही लिहितो, कारण पुष्कळ भगिनी विचारतील. डिसेंबरात डाळिंबे चांगली मिळतात आणि नागपूरची संत्रीही. बारा माणसांसाठी एक लिटर डाळिंबाचा रस, अर्धा लिटर संत्र्याचा रस, दोन लिंबे. दोन पेले पाण्यात दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, आल्याच्या चार चकत्या व चवीपुरती साखर दहा मिनिटे उकळून, पूर्ण गार करून, गाळून रसात मिसळायचे. घरात कोकमाचे आगळ असेल तर दोन चमचे घालावे; आंबटपणाला जी खोली येते ती लिंबाने येत नाही. फळांच्या फोडी नेण्याच्या तासभर आधी घालाव्यात. पेय फ्रिजमध्ये ठेवावे, केल्या दिवशीच संपवावे, आणि दुसऱ्या दिवशी फेस वा आंबूस वास जाणवला तर मोह न धरता ओतून द्यावे. हे शेवटचे काम माझ्या मुलाकडे आहे. नबीजची गोष्ट ऐकल्यापासून तो त्या भांड्यापाशी घड्याळ लावून बसतो.

नाताळच्या सकाळी भांडे त्यानेच नेले. संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यात कुलकुल भरले होते, आणि वर एक चिठ्ठी होती: लवंगा सहा की आठ?