वाफसा आल्याशिवाय

आजारपणामुळे वारी हुकली, तर नेम मोडला असं धरायचं का? आमच्या सणसरमध्ये हा प्रश्न पोथीतला नाही, घरातला आहे. तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे आमच्याकडे मुक्कामाला येते, पुढे बेलवडीच्या रिंगणाला आणि निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. गावात घरोघरी माळकरी आहेत. यंदा उन्हाळा सरताना मला न्यूमोनिया झाला आणि पालखी तोंडावर आली.

बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काळा दिसायला हवा होता, तो पांढरा होता. त्यांनी हिशेब सरळ सांगितला. ताप आठवड्याभरात उतरेल. छातीतलं दुखणं आणि बेडका चार आठवड्यांत कमी होईल, खोकला आणि धाप सहा आठवड्यांत. थकवा तीन महिनेही रेंगाळतो, आणि पहिल्यासारखं वाटायला काहींना सहा महिने लागतात. "मावशी, औषधानं जंतू मरतात. पण फुफ्फुसातल्या बारीक पिशव्यांत जे पाणी आणि पू साचलंय, ते तुमच्या शरीरालाच साफ करायचं असतं. या वयात फोटो स्वच्छ व्हायला बारा आठवडेही लागतात."

आम्ही नीरा डाव्या कालव्यावरची माणसं. पाण्याची पाळी झाली की काळ्या रानात लगेच कुणी औत घालत नाही, ओल मुरून वाफसा येऊ देतो. घाई केली तर ढेकळं होतात आणि रान बिघडतं. डॉक्टरांचं म्हणणं मला तिथेच पटलं. ताप गेला म्हणजे पाणी देऊन झालं एवढंच. छातीला वाफसा यायचा होता.

भेटायला येणारे मात्र दोन गोष्टी सांगत. एक, "मनावर घ्या, पांडुरंग बळ देईल, आपोआप चालाल." दुसरी, जरा हळू आवाजात, "सेवेत काही कमी पडलं असेल." दोन्ही प्रेमापोटीच, पण दोन्ही मला मान्य नाहीत. पहिलीमुळे सावकाश बरा होणारा माणूस स्वतःच्या श्रद्धेवर शंका घेऊ लागतो. दुसरीमुळे देव सावकार होतो, आजार वसुली होतो.

घरी श्वासाचं यंत्र दिलं होतं, तीन गोळ्यांचं. नळी तोंडात धरायची आणि श्वास सावकाश आत ओढायचा. पहिला गोळा वर जायचा, दुसरा थरथरायचा, तिसरा तळालाच. जोर केला की खोकल्याची उबळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं. कर्म आपल्या हाती, फळ नाही, हे कीर्तनात कितीदा ऐकलं होतं. या तिसऱ्या गोळ्यानं ते रोज सकाळी समोर ठेवलं. श्वास ओढणं माझं काम. गोळा कधी उठेल, ते माझ्या हट्टावर नव्हतं.

काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढरांना रोगराई होऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. म्हणजे आरोग्य मागणं आपल्या परंपरेला परकं नाही. पण मेंढपाळ रिंगणानंतर आजारी मेंढराला कळपासोबत पळवत नाही, वेगळं ठेवतो. मागणंही खरं, जपणंही खरं.

यावर आमच्या दिंडीतले जुने माळकरी म्हणतात, "वाटेत देह पडला तर सोनं झालं." मी या भावनेला हात जोडते. वारीत न मागता आलेला मृत्यू कुणाला भाग्याचा वाटला, तर त्याच्याशी वाद नाही. पण भरल्या छातीनं निघून मृत्यूला वाटेवर बोलावणं निराळं. त्यात आपल्यामागे धावणाऱ्या दिंडीकऱ्यांचे हाल आहेत, आणि 'मी वारी चुकवत नाही' हा मीपणाही आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतानं योग सांगताना खाण्याझोपेतला अतिरेकही वर्ज्य केला आणि उपास-जागरणाचाही. देहाला पिळून काढणं त्यांनी साधनेत धरलंच नाही.

आणि पंढरीचा देव विटेवर उभा का, हे कुणाही वारकऱ्याला ठाऊक आहे. पुंडलिक म्हाताऱ्या आईबापाची सेवा करत होता, म्हणून त्यानं देवाला थांबायला सांगितलं, आणि देव थांबला. थकलेल्या देहाच्या सेवेपुढे दर्शनाची घाई दुय्यम, हे या क्षेत्राच्या मुळाशीच आहे. माझी सून रात्री उठून मला बसतं करत होती, पाठीला उशा लावत होती. ती सेवा निमूट घेणं मला चालण्यापेक्षा जड गेलं. पण पुंडलिकाच्या आईबापांनीही ती घेतलीच ना?

२०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारीची परंपरा तुटली असं कुणी म्हटलं नाही. लाखोंचा देह जपण्यासाठी सोहळा थांबू शकतो, तर एका देहासाठी एक वारकरी थांबला तर नेम कसा मोडेल?

म्हणून खोकत खोकत निघणाऱ्यांना माझं सांगणं आहे. ताप उलटला, धाप वाढली, तर अंगारा लावा पण दवाखानाही गाठा. आणि घरच्यांनो, "अजून बरं नाही वाटत?" असं रोज विचारू नका. बरं व्हायला लागणारा वेळ भक्तीतून वजा होत नाही. डॉक्टरांचे सहा महिने कार्तिकीच्या आसपास भरतात. तेव्हा छातीनं साथ दिली तर कार्तिकी करीन, नाही तर माघी आहे, चैत्री आहे.