श्रममुक्त नगरींतला माणूस

यंत्रांनीं माणसाचे सारे श्रम उचलले, तर माणूस अधिक चांगला होईल काय ? हा प्रश्न वरवर पाहतां अर्थशास्त्राचा वाटतो. परंतु मुळांत तो नीतीचा आहे. त्याचा विचार करतांना आम्ही एका कलावंताची साक्ष काढीत आहों.

कॉन्स्टंट न्यूवेनहाउस (१९२०–२००५) हा डच चित्रकार. १९५६ सालीं इटलींतील आल्बा गांवीं नदीकांठीं उतरलेल्या जिप्सींचीं पालें त्यानें पाहिलीं, आणि सदा फिरत्या माणसांचें नगर कसें असावें, या विचारानें त्यास घेरलें. त्यांतून ‘न्यू बॅबिलॉन’ ही कल्पित नगरी निघाली. १९७४ सालीं हेग येथील संग्रहालयांत तिचें मोठें प्रदर्शन झालें, तोंवर तो तिच्यांतच गुंतला होता. एका माध्यमांत ती मावण्यासारखी नव्हती. तारा, धातु, लांकूड आणि प्लेक्सिग्लास यांचे लहान नमुने, रंगविलेले नकाशे, छायाचित्रें, रेखाटनें, तैलचित्रें, या सर्वांतून ती साकार झाली. तेथें कारखाने जमिनीखालीं आपोआप चालतात. वस्ती खांबांवर उंच तोललेली असते. कोणाचें कायमचें घर नाहीं, कोणावर धनी नाहीं. रहिवाशानें हिंडावें, खेळावें, आणि भोंवतालची जागा मनास येईल तशी बदलावी.

“रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,” असें म्हणून ही नगरी हसण्यावारी नेणारे पुष्कळ भेटतील. श्रमानें माणूस घडतो, हें आम्हांसही मान्य आहे. पण हा उपदेश बहुधा सावलींत बसलेल्याच्या तोंडून ऐकूं येतो. उन्हांत खडी फोडणारीस त्या कामानें कोणतें शील लाभलें, हें तिलाच विचारावें. दुसऱ्याच्या सक्तीच्या कष्टास सद्गुण म्हणणें हा केवळ आपल्या सोयीचा युक्तिवाद होय.

परंतु उलट पक्षही तितकाच भाबडा आहे. श्रम सरले म्हणजे वैरही सरेल, असें तो धरून चालतो. कॉन्स्टंटचा प्रामाणिकपणा येथेंच दिसतो. त्याच्या नमुन्यांत नजरेंत भरतात त्या मोकळ्या, स्वच्छ जागा. पुढें, १९६०–७० च्या दशकाच्या अखेरीस, तो तीच नगरी रंगवूं लागला, तेव्हां चित्रांत पुसट मानवाकृति आल्या. त्यांच्याबरोबर झोंबाझोंबी आली, रक्तासारखे डागही आले. आपल्या स्वप्नाविरुद्धचा पुरावा त्यानें आपल्याच हातानें मांडला.

आज यंत्रें लिहूं लागलीं आहेत, चित्रें काढूं लागलीं आहेत. उद्यांचीं मोहक दृश्यें दाखविणाऱ्यांची वाण नाहीं. त्या दृश्यांत मत्सरी, भित्रा, शेजाऱ्यावर खार खाणारा माणूस उभा केला आहे काय, एवढें आम्ही प्रथम पाहूं. कर्म कोणासच सुटत नाहीं, या गीतेच्या सिद्धान्ताचा अर्थ येथें आम्ही असा घेतों कीं, खडी फोडण्याचें काम यंत्रानें खुशाल घ्यावें. त्या बाईस तें हवेंच आहे. मात्र एकमेकांशीं न्यायानें वागण्याचें काम शिल्लक राहतें, आणि वेळ मोकळा झाल्यावर तें टाळण्यास सबब उरत नाहीं.